नडगीच्या हाडाशी सम्राट ताडून पाहताना

शार्लमेन हा फ्रँक लोकांचा राजा इ. स. ८०० च्या नाताळच्या दिवशी रोममध्ये पोप तिसरा लिओ याच्या हस्ते सम्राट झाला आणि २८ जानेवारी ८१४ रोजी आजच्या जर्मनीतल्या आखेन येथे मरण पावला. तो दिसायला कसा होता, हे सांगणारे साक्षीदार आज मुख्यतः दोनच आहेत. एक म्हणजे त्याच्या दरबारात वावरलेल्या आइनहार्डने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेले चरित्र, आणि दुसरा म्हणजे आखेनच्या कॅथीड्रलमध्ये जपून ठेवलेली हाडे, त्यांतही विशेषतः डाव्या पायाची नडगी. २०१० साली संशोधकांनी या नडगीची क्ष-किरण आणि सीटी स्कॅन यांच्या साहाय्याने मोजणी करून सम्राटाची उंची सुमारे १.८४ मीटर असावी, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

हा निष्कर्ष वर्तमानपत्रातल्या चौकटीत वाचून सोडून देण्याजोगा नाही, कारण तो ज्या रीतीने काढला जातो ती रीत कोणालाही शिकता येते आणि तिचा बहुतेक भाग कोल्हापुरात बसून, घरच्या साधनांनी करून पाहता येतो. मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आणि त्या काळात दर दिवाळीच्या सुट्टीत चार-सहा विद्यार्थ्यांना घेऊन हा प्रयोग केला. लिहिलेला राजा आणि उरलेले हाड यांना समोरासमोर कसे बसवावे, कोणत्या ठिकाणी हटकून चूक होते आणि हाड कुठे बोलते व कुठे गप्प राहते, हे त्या अनुभवावरून येथे क्रमाने मांडत आहे.

काय हाताशी हवे

एक जाड वही, स्टीलची साठ सेंटिमीटरची पट्टी, सुताराकडून करून घेतलेली एक फळी (तिचे वर्णन पुढे येईल), आणि नडगीच्या हाडाची प्लास्टिकची प्रतिकृती एवढे पुरेसे आहे. खरे मानवी हाड शक्यतो वापरूच नये. वैद्यकीय महाविद्यालयातील हाडे तेथील विभागाच्या परवानगीने व तेथेच बसून पाहावीत, ती घरी आणणे कायद्यालाही धरून नाही आणि रीतीलाही. प्रतिकृतीवर मापे घ्यायला हात बसला की जिवंत माणसाच्या पायावर, त्याच्या संमतीने, तीच मापे घेता येतात आणि त्यातच या प्रयोगाची खरी गंमत आहे.

पहिली पायरी : आधी शब्द सुटे करावेत

बहुतेक जण थेट हाडाकडे धावतात. तसे करू नये. प्रथम वहीच्या पानावर तीन रकाने पाडावेत : पहिल्यात लिखित साक्ष, दुसऱ्यात ती साक्ष कुठून आली असावी याचा विचार, आणि तिसऱ्यात हाडाचे उत्तर. तिसरा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवावा.

आइनहार्डने सम्राटाच्या शरीराविषयी जे सांगितले आहे त्याचे साधारण सहा तुकडे पडतात. शरीर मोठे व बळकट होते. उंची उठून दिसणारी, पण प्रमाणाबाहेर नव्हती, आणि ती त्याच्या स्वतःच्या पावलाच्या सातपट भरत असे. मान आखूड व जाड होती आणि पोट थोडे पुढे आलेले होते. आवाज स्पष्ट होता, पण एवढ्या देहाला शोभेल इतका भारदस्त नव्हता. मरणापूर्वीची चार वर्षे त्याला वारंवार ताप येई आणि शेवटी शेवटी तो एका पायाने लंगडत असे. आणि भाजलेले मांस सोडून उकडलेले खा, असे सांगणाऱ्या वैद्यांचा त्याला राग येत असे. (तांबडा-पांढरा सोडून मुगाची खिचडी खायला सांगितलेल्या कोल्हापूरकराला हे शेवटचे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.)

आता दुसरा रकाना. येथे जे पाहायचे ते असे, की लेखकाने हे वाक्य डोळ्यांनी पाहून लिहिले की पुस्तकातून उचलले. आइनहार्डसमोर नमुना होता तो रोमन चरित्रकार स्वेटोनियसचा. स्वेटोनियसने सम्राट तिबेरियसचे वर्णन करताना ‘देहाने मोठा व बळकट’ हेच शब्द वापरले आहेत आणि पुढे लगेच त्याची उंची नेहमीच्या प्रमाणाहून अधिक होती असे म्हटले आहे. आइनहार्डने शब्द तेच घेतले आणि उंचीच्या बाबतीत मात्र ‘प्रमाणाबाहेर नाही’ असा बदल केला. म्हणजे पहिला तुकडा उसना आहे, आणि दुसऱ्या तुकड्यात लेखकाने उसन्या वाक्याला स्वतःच्या हाताने कात्री लावलेली आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे नवे वाटू नये. राजा म्हटला की तो आजानुबाहू असायचाच. म्हणून त्याचे हात खरोखर गुडघ्यांपर्यंत पोचत होते असे कोणी मानत नाही. कोल्हापूर-पन्हाळ्याच्या परिसरात राज्य करणारे शिलाहार आपल्या लेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. ती पदवी घराण्याची म्हणून चालत आली, तिच्यावरून त्या राजाची राजधानी शोधायला निघालेला माणूस भलत्याच गावी पोचेल. प्रशस्तीतले शब्द आणि पाहिलेले शब्द वेगळे काढणे हे या कामातले अर्धे काम आहे, आणि ते हाडाला हात लावण्यापूर्वीच करायचे असते. एकदा हाडाचे उत्तर कळले की मग मन सोयीस्करपणे सोयीचीच वाक्ये ‘पाहून लिहिलेली’ ठरवू लागते.

दुसरी पायरी : सात पावलांची परीक्षा

‘स्वतःच्या पावलाच्या सातपट’ हे वाक्य फसवे आहे. इंग्रजी अमलाने आपल्याला ‘फूट’ हे माप दिल्यामुळे अनेकांनी याचा अर्थ सात फूट, म्हणजे २१३ सेंटिमीटर, असा लावलेला मी पाहिला आहे. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटरचा धरला तरी २०७ सेंटिमीटर होतात. पण आइनहार्ड कोणत्याही ठरावीक मापाबद्दल बोलत नाही, तो पाऊल आणि उंची यांचे प्रमाण सांगतो आहे. या वाक्यातून उंची निघत नाही, फक्त बांधा निघतो.

हे प्रमाण कितपत खरे वाटते, ते तपासायला कोल्हापूरएवढी सोयीची जागा नाही. चपलांचा जोड मापाने करून देणारा कारागीर गिऱ्हाइकाला कागदावर उभे करतो आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवतो. आपणही तसेच करावे. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा असावा, कारण बसल्यावर पाऊल आखूड भरते. पेन्सिल कागदाला अगदी सरळ उभी धरावी, कारण ती आत झुकली तर रेघ पावलाखाली जाते आणि बाहेर झुकली तर लांबी फुगते. आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावे. ते बोट दर वेळी अंगठाच असेल असे नाही, पुष्कळ लोकांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते.

दहा-बारा माणसांची अशी मापे घेऊन प्रत्येकाच्या उंचीला त्याच्या पावलाच्या लांबीने भागले की आकडे साडेसहाच्या थोडे पुढे, ६.६ च्या आसपास घोटाळताना दिसतात, कारण पाऊल हे उंचीच्या साधारण १५ टक्के असते. सात हा आकडा त्या मानाने चढा आहे. उंची १८४ सेंटिमीटर धरली तर सातने भागून पाऊल २६.३ सेंटिमीटर येते, आणि नेहमीच्या प्रमाणाने ते जवळजवळ २८ सेंटिमीटर यायला हवे होते. म्हणजे सम्राटाची पावले देहाच्या मानाने लहान होती, किंवा आइनहार्डने आकडा पूर्ण करून टाकला. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. तरीही हा आकडा उसना दिसत नाही. प्राचीन वास्तुकार व्हित्रुव्हियस पाऊल हे उंचीचा सहावा हिस्सा मानतो, आणि स्वेटोनियस रोमन सम्राट ऑगस्टसची उंची सांगतो ती साध्या रोमन फुटांत. सातचा आकडा या दोघांपैकी कोणाचाच नाही. म्हणून दुसऱ्या रकान्यात या तुकड्यापुढे ‘बहुधा पाहिलेले’ असे लिहायला हरकत नाही.

तिसरी पायरी : हाड ओळखणे

गुडघ्याखाली दोन लांब हाडे असतात. आतल्या अंगाचे जाड हाड ते नडगीचे, पाठ्यपुस्तकांतील अंतर्जंघास्थी, आणि बाहेरचे काडीसारखे बारीक ते बहिर्जंघास्थी. कॉटच्या कोपऱ्यावर आपटल्यावर ब्रह्मांड आठवते ते नडगीच्या पुढच्या धारेमुळे. ही धार कातडीच्या अगदी खाली असते आणि तिच्यावर स्नायूंची गादी नसते. याच कारणाने नडगी हे जिवंत माणसावर मोजता येण्याजोगे सर्वांत सोपे लांब हाड आहे.

डावे की उजवे, हे ठरवण्यासाठी प्रतिकृतीचा रुंद भाग वर ठेवावा आणि गुडघ्याखाली पुढे येणारा उंचवटा आपल्यापासून दूर, म्हणजे आपण ज्या दिशेला पाहतो त्या दिशेला करावा, जणू तो आपलाच पाय आहे. आता खालच्या टोकाला एक बोंडासारखा भाग एका बाजूला उतरलेला दिसेल. तो आतला घोटा. तो आपल्या उजव्या हाताच्या बाजूला असेल तर हाड डाव्या पायाचे, कारण डाव्या पायाची आतली बाजू उजवीकडेच असते. हे वाचताना गोंधळायला होते, पण स्वतःचा पाय चाचपून पाहिल्यावर लगेच पटते.

चौथी पायरी : फळी आणि माप

पंचाहत्तर सेंटिमीटर लांबीची एक सपाट प्लायवूडची फळी घ्यावी. तिच्या एका टोकाला गुण्या लावून अगदी काटकोनात उभी पट्टी ठोकून घ्यावी, कडेला स्टीलची पट्टी चिकटवावी आणि फळीवर मागेपुढे सरकणारा, तळ सपाट असलेला लाकडी ठोकळा करून घ्यावा. संशोधक वापरतात ते अस्थिमापन फलकही तत्त्वाने याहून वेगळे नसतात. हाड फळीवर आडवे ठेवून एक टोक उभ्या पट्टीला टेकवावे, ठोकळा दुसऱ्या टोकाला भिडवावा आणि माप वाचावे. हाड जरा इकडेतिकडे हलवून तीनदा मोजावे आणि तिन्ही आकडे लिहावेत. सरासरी नंतर काढता येते, खोडलेला आकडा मात्र परत मिळत नाही.

जिवंत माणसाला खुर्चीवर बसवून त्याचा एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगावा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला नडगीची वरची कड बोटाने चाचपून शाईने खूण करावी, दुसरी खूण आतल्या घोट्याच्या टोकावर करावी, आणि दोन खुणांमधले सरळ अंतर घ्यावे. कापडी टेप पायावरून वळवत नेऊ नये, पोटरीच्या फुगवट्यामुळे माप वाढते.

आता या प्रयोगातली सर्वांत मोठी खोच. ती मला स्वतःला फार उशिरा कळली, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

गंगावेशच्या बाजूच्या एका तालमीत वस्तादांच्या परवानगीने आम्ही पैलवानांच्या नडग्या मोजत होतो. सकाळची मेहनत सुरू व्हायची होती, हौदातली लाल माती नुकतीच खणून वर-खाली केली होती आणि तिला तेल-ताकाचा आंबूस वास येत होता. एका पैलवानाची नडगी घोट्याच्या टोकापर्यंत ३९.६ सेंटिमीटर भरली. नडगीच्या लांबीवरून उंची काढण्याचे प्रसिद्ध सूत्र मी लावले, १७८.४ सेंटिमीटर आले. भिंतीला उभा करून मोजला तर तो १७५.२ निघाला. पुढच्या पैलवानाचेही तसेच, त्याच्या पुढच्याचेही. सगळे सूत्राने अडीच-तीन सेंटिमीटर जादा उंच. मी फळीला दोष दिला, मग शाईच्या खुणांना, मग पैलवानांच्या उभे राहण्याला. कट्ट्यावर बसलेले वस्ताद शांतपणे म्हणाले, “सर, सगळीच पोरं चुकायची न्हाईत. तुमचं गणितच बघा एकदा.”

गणितातच चूक होती, पण ती माझी एकट्याची नव्हती. हे सूत्र मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांची हाडे आणि त्यांच्या सैन्यभरतीच्या वेळी नोंदवलेल्या उंच्या हा त्याचा पाया. ट्रॉटर यांच्या लिखित सूचनेनुसार नडगी घोट्यासकट मोजायची होती, पण १९९० च्या दशकात रिचर्ड जँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉटर यांनी मोजलेल्यांपैकी काही हाडे पुन्हा मोजली तेव्हा असे दिसून आले की प्रत्यक्षात मोजताना आतला घोटा वगळला गेला होता. त्याने माप दहा ते बारा मिलिमीटरने कमी भरते. म्हणजे जो वाचक सूचनेप्रमाणे घोट्यासकट मोजतो आणि सूत्र लावतो, त्याचे उत्तर अडीच ते तीन सेंटिमीटरने चुकणारच. आमच्या पैलवानाच्या ३९.६ मधून ११ मिलिमीटर वजा केले, ३८.५ उरले, आणि सूत्राने १७५.६ आले. भिंतीवरच्या रेघेशी फरक चार मिलिमीटरचा. इतके नेमके जुळणे हा थोडा योगायोगच, हे पुढे कळेल.

म्हणून माप लिहिताना नुसता आकडा कधीही लिहू नये. ‘घोट्यासकट’ किंवा ‘घोटा वगळून’ हे शब्द आकड्याला चिकटलेलेच असावेत.

पाचवी पायरी : सूत्र निवडणे

ट्रॉटर-ग्लेसर यांचे गोऱ्या अमेरिकन पुरुषांसाठीचे सूत्र असे : घोटा वगळून नडगीची सेंटिमीटरमधील लांबी गुणिले २.५२, अधिक ७८.६२. मांडीचे हाड हाती असेल तर त्याची लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१. आपण आता सम्राटाकडे उलट्या वाटेने जाऊ. उंची १८४ धरली, त्यातून ७८.६२ वजा केले आणि २.५२ ने भागले तर नडगी घोटा वगळून ४१.८ सेंटिमीटर येते, घोट्यासकट सुमारे ४२.९. स्वतःच्या नडगीवर एवढे अंतर आखून पाहावे. मध्यम उंचीच्या माणसाच्या बाबतीत रेघ घोट्याच्या बरीच खाली, जमिनीच्या दिशेने जाते, आणि सम्राट किती उंच होता हे आकड्यापेक्षा त्या रेघेने लवकर समजते.

भारतीय न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत याहून सोपी रीत दिलेली असते : हाडाची लांबी गुणिले एक ठरावीक गुणक. नडगीचा गुणक साडेचारच्या आसपास असतो. मध्यम उंचीच्या माणसाला तो बरा लागू पडतो. पण ४२.९ ला साडेचारने गुणले तर १९३ सेंटिमीटर येतात, सूत्राच्या उत्तरापेक्षा नऊ सेंटिमीटर जास्त. हे का होते? गुणक असे गृहीत धरतो की उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाचीच सर्व बाजूंनी सारखी वाढवलेली आवृत्ती. प्रत्यक्षात उंच माणसांचे पाय धडाच्या मानाने अधिक लांब असतात. सूत्रातला तो ‘अधिक ७८.६२’ हा भाग ही विषमता सांभाळून घेतो. तेव्हा फार उंच किंवा फार बुटक्या माणसासाठी नुसता गुणक वापरू नये. १८६१ साली शार्लमेनची हाडे जुळवून त्याची उंची १.९० मीटरच्या आसपास सांगितली गेली होती. तो अंदाज कोणत्या पायरीवर फुगला असेल, याचा विचार विद्यार्थ्यांना करायला लावण्याजोगा आहे.

सूत्र कोणत्या लोकांच्या हाडांवरून बनले, हेही पाहावे लागते. धड आणि पाय यांचे प्रमाण लोकसमूहांनुसार बदलते, म्हणून कोल्हापूरच्या माणसासाठी भारतीय हाडांवर आधारलेले सूत्र आणि आठव्या शतकातल्या फ्रँकसाठी युरोपीय हाडांवरचे सूत्र घ्यावे. तरीही युद्धातले धडधाकट तरुण सैनिक आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा म्हातारा राजा यांच्यातले अंतर कोणत्याच सूत्राने पुरते मिटत नाही.

वयाची दुरुस्ती त्यामानाने साधी आहे. ट्रॉटर-ग्लेसर यांनी तिशीनंतर दर वर्षाला ०.०६ सेंटिमीटर वजा करायला सांगितले आहे, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात. शार्लमेन मेला तेव्हा पासष्टीच्या पुढे होता, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर. नडगी मात्र म्हातारपणी आखूड होत नाही, तिला तारुण्यातलीच उंची ठाऊक असते.

सहावी पायरी : चुकीची कक्षा

नडगीच्या सूत्राची प्रमाण त्रुटी ३.३७ सेंटिमीटर आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की शंभरातल्या सुमारे अडुसष्ट माणसांची खरी उंची उत्तराच्या मागेपुढे ३.४ सेंटिमीटरमध्ये सापडते आणि पंचाण्णव जणांची सापडायची तर दोन्हीकडे ६.७ सेंटिमीटर सोडावे लागतात. सम्राटाला हे लावले तर १७७ ते १९१ ही कक्षा मिळते. पैलवानाचा चार मिलिमीटरचा फरक हा योगायोग का, ते आता लक्षात येईल.

मात्र एवढी रुंद कक्षा घेऊनही एक गोष्ट हलत नाही. २०१० च्या त्याच अभ्यासात त्या काळच्या पुरुषांची सरासरी उंची १.६९ मीटर धरली आहे. कक्षेचे खालचे टोकही त्याहून आठ सेंटिमीटर वर आहे. तेव्हा ‘सम्राट १८४ सेंटिमीटर होता’ हे वाक्य वहीत लिहू नये, ‘सम्राट त्याच्या काळच्या मानाने निश्चित उंच होता’ हे लिहावे.

सातवी पायरी : हे हाड कोणाचे?

ही पायरी खरे तर पहिली असायला हवी, पण आधी मोजणी समजल्याशिवाय तिच्यातली मेख कळत नाही, म्हणून मी ती येथे घेतो. आखेनमधल्या हाडांचा प्रवास लांबलचक आहे. इ. स. १००० मध्ये सम्राट तिसऱ्या ऑटोने थडगे उघडले. ११६५ मध्ये सम्राट फ्रीड्रिख बार्बरोसाच्या काळात शार्लमेनला संत म्हणून घोषित करताना हाडे वर काढली गेली. १२१५ मध्ये दुसऱ्या फ्रीड्रिखने ती सध्याच्या पेटीत बंद केली. संतांची हाडे पूजनीय असल्याने मधल्या काळात काही तुकडे वेगळे काढून स्वतंत्र करंड्यांत ठेवले गेले. १९८८ साली संशोधकांनी पेटी उघडून ९४ हाडे व तुकडे मोजले आणि त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये, सम्राटाच्या मृत्यूला बाराशे वर्षे होत असताना, जाहीर झाले : ही हाडे उंच, सडपातळ आणि वृद्ध पुरुषाची असावीत.

आता धोका पाहा. आइनहार्ड म्हणतो राजा उंच होता. हाडे उंच माणसाची आहेत. म्हणून हाडे राजाची. आणि हाडे राजाची आहेत म्हणून आइनहार्ड खरा. फिरून फिरून भोपळे चौकात. यातून सुटायचे तर हाडाची ओळख आणि हाडाची उंची यांना वेगवेगळे पुरावे लागतात. ओळखीसाठी वय, थडग्याचा इतिहास, पेटी केव्हा केव्हा उघडली याच्या नोंदी, आणि उंचीसाठी फक्त मोजमाप. माझ्या मते हाडे शार्लमेनची असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, पण ती उंचीवरून नव्हे, तर या नोंदींच्या साखळीवरून.

येथे आपल्याकडच्या राजांविषयी विचारणा हटकून होते. दहनाची चाल असलेल्या घराण्यांत मोजायला हाड उरत नाही, आणि जेथे कबर आहे तेथे ती उघडण्याचा विषय आपण काढू नये.

आठवी पायरी : जाडी आणि लंगडणे

लांबीनंतर हाडाची जाडी. प्रतिकृतीच्या सर्वांत बारीक भागाभोवती कागदाची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळून, दोन टोके मिळतात तेथे खूण करून, परिघ मोजावा. दोरा वापरू नये, तो ताणला जातो. परिघाला शंभराने गुणून लांबीने भागले की दणकटपणाचा निर्देशांक मिळतो. भार सोसणारे हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवते हे तत्त्व यूलिउस व्होल्फने १८९२ साली मांडले, त्यामुळे जाडीतून माणसाच्या कष्टांचा काहीसा अंदाज येतो. पैलवानांवर हे करून पाहण्याचा मोह होईल, पण त्यासाठी क्ष-किरण लागतात आणि केवळ हौसेखातर कोणाच्याही पायाचे क्ष-किरण काढू नयेत.

शार्लमेनची नडगी लांब आहे, पण दणकट नाही. २०१० च्या अभ्यासाने हे स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या रकान्यातला ‘बळकट’ हा शब्द आठवावा, आणि दुसऱ्या रकान्यात त्यापुढे आपण काय लिहिले होते तेही पाहावे. तिबेरियसकडून उसना आणलेला शब्दच नेमका हाडाशी जुळत नाही, आणि आइनहार्डने स्वतःच्या पदरचे जे घातले, ती उंची, तेवढे जुळते. याचा अर्थ तो खोटारडा होता असा मी करणार नाही. उंच माणूस लांबून धिप्पाडच दिसतो आणि त्या धिप्पाडपणाला तयार शब्द पुस्तकात होता.

लंगडण्याचे काय? स्वेटोनियसचा ऑगस्टसही डाव्या पायाने अधूनमधून लंगडतो, तेव्हा हा तुकडाही उसना असण्याची शंका घेणे भाग होते. पण १९८८ च्या तपासणीत गुडघ्याची वाटी आणि टाचेचे हाड यांवर वाढ झालेली आढळली, आणि ती पायाच्या दुखापतीशी जुळणारी आहे. येथे हाडाने शंका बरीच कमी केली.

याच प्रश्नावर दुसरे उदाहरण हवे असेल तर तैमूरचे घ्यावे. त्याचे नावच ‘लंग’, म्हणून अपंगत्व हा शत्रूंनी केलेला उपहास असेल, असे कोणी म्हणू शकले असते. जून १९४१ मध्ये सोव्हिएत मानवशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांच्या चमूने समरकंद येथील थडगे उघडले तेव्हा उजव्या मांडीच्या हाडाला गुडघ्याची वाटी चिकटून एकजीव झालेली सापडली. असा गुडघा वाकत नाही. थडगे उघडल्याच्या शापामुळे जर्मनीने रशियावर स्वारी केली, ही कथा मोबाइलवर फिरत असते. त्या स्वारीचा लेखी आदेश १८ डिसेंबर १९४० रोजीच निघाला होता.

नववी पायरी : तिसरा रकाना भरणे

आता वही पुन्हा उघडून शेवटचा रकाना भरावा. बळकट देह : हाड जुळत नाही. उंची : जुळते, कक्षा १७७ ते १९१. सात पावले : नडगीवरून सांगता येत नाही, प्रमाण चढे. लंगडणे : वाटी व टाच यांचा आधार आहे. मान, पोट, आवाज, ताप आणि भाजलेले मांस यांच्यापुढे ‘हाड गप्प’ एवढेच लिहावे आणि तेथे स्वतःचा तर्क घुसडू नये. उत्साही विद्यार्थी तेथे हमखास काहीतरी लिहून टाकतात, ते खोडायला लावावे. पानाच्या तळाशी मोजणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ, आणि जिवंत माणूस मोजला असल्यास तो सकाळी मोजला की संध्याकाळी हे नोंदवावे, कारण दिवसभर उभे राहून तोच माणूस संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटका भरतो. नडगीचा आकडा जेथे जेथे आला असेल तेथे ‘घोट्यासकट’ की ‘घोटा वगळून’ हे लिहिले आहे ना, तेवढे एकदा पाहून मगच वही मिटावी.